मधला भाऊ

आमच्या घरात भाऊ दोन की तीन यावरून जी भांडणं झाली, ती ना माझ्या माहेरच्या भावांवरून होती, ना यांच्या. ती एका कादंबरीतल्या भावांवरून होती. कृष्णेकाठी गुऱ्हाळ चालवणारं एक घर, बाप मेल्यावर वाटणीला बसलेली मुलं, अशी ती कादंबरी. मी म्हणत होते भाऊ दोन, थोरला यशवंत आणि धाकटा अण्णाप्पा. हे म्हणत होते तीन. मधला दिनकर म्हणे घर सोडून जातो, परत येतो, पुन्हा जातो, आणि शेवटी सगळं त्याच्यापाशीच येऊन अडतं. मी तीच कादंबरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली होती आणि तिच्यात दिनकर नावाचं चिटपाखरूही नव्हतं.

हे म्हणजे माझे यजमान, शांतिनाथ मगदूम. मिरजेच्या एस.टी. आगारात वर्कशॉपला होते. बसगाड्या विनाचालक झाल्या त्याच साली निवृत्त झाले आणि तेव्हापासून त्यांचं निम्मं आयुष्य नगरवाचनालयात जातं. मी पद्मजा. मी कोर्टात लघुलेखक होते. वकील लोक अर्धं पान भरेल एवढं वाक्य एका दमात बोलायचे, त्याचा कर्ता कुठे राहिला हे त्यांनाही ठाऊक नसायचं, पण मला असायचं. न्यायाधीश मध्येच थांबवून विचारायचे, बाई, मघाशी काय म्हणाले हे? आणि मी जसंच्या तसं सांगायचे. त्यामुळे स्मरणशक्तीच्या बाबतीत मला कोणी शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं.

पुस्तक कुठून आणायचं यावरून आमचं कधीच जमलं नाही. यांना वाचनालयाचं पुस्तक लागतं. खाकी वेष्टणातलं, कडा मळलेलं, मध्येच कोणाच्या तरी चहाचा डाग पडलेलं. मला ते हातात धरवत नाही. कोणीतरी भजी खात वाचलेलं पुस्तक मी उशाशी का घेऊ? शिवाय आता कागदावर छापतात तेच मुळी वाचनालयांपुरतं. बाकी सगळं जग घरबसल्या विकत घेतं. मीही वाचनसाथ कंपनीची पाटी घेतली होती. वहीएवढी पातळ, बोट टेकवलं की पुस्तक हजर. पाटीच्या काठावर बारीक कॅमेरा असतो, तो आपल्या डोळ्यांवर लक्ष ठेवतो आणि शेवटची ओळ संपली की पान आपोआप उलटतं. प्रत्येक पुस्तकावर ‘जुळती प्रत’ असं लिहिलेलं असायचं. मला वाटायचं, अक्षर आणि उजेड आपल्या डोळ्यांना जुळवून देतात म्हणून जुळती. घेताना भल्यामोठ्या अटी येतात, त्यांच्या खाली ‘मान्य’ असतं. ते दाबायचं. वाचत कोण बसतं?

आणि खरं सांगायचं तर मी पाटीवर खूश होते. गेल्या वर्षभरात लेखकांना अक्कल आली असं माझं मत झालं होतं. पूर्वीचा पाल्हाळ गेला होता. वाक्यं कशी सुटसुटीत, माणसं मोजकी, गोष्ट सरळ पुढे जाणारी. मी यांना म्हणायचे सुद्धा, तुमच्या त्या वाचनालयात जुनाट रद्दी भरून ठेवलीय, म्हणून तुम्हाला हल्लीच्या लेखनाची गंमत कळत नाही.

तर दिनकर. पहिल्यांदा मी हसले. दुसऱ्यांदा चिडले. तिसऱ्यांदा मात्र, जेवता जेवता, मी जरा आवाज चढवून म्हटलं की तुम्ही दुसऱ्याच कुठल्या पुस्तकातला माणूस यात घुसडताय, तेव्हा यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “असेल. माझंच चुकत असेल.”

मी हातातला घास ताटात ठेवला. उभ्या संसारात या माणसानं कधी माघार घेतली नव्हती. रस्ता चुकला तरी रस्त्यालाच बोल लावणारा गडी हा. आणि आता मान खाली घालून वरणभात कालवत म्हणतोय, माझंच चुकत असेल. माझ्या सासूबाईंचं सगळं मी केलं होतं. त्यांची सुरुवात अशीच झाली होती. आधी नसलेली माणसं दिसायला लागली, मग असलेली ओळखेनाशी झाली. शेवटी त्या मला ‘दूधवाली’ म्हणायच्या आणि हिशेब चुकता करायला पदर चाचपायच्या. ते आता आपल्याच नवऱ्याच्या बाबतीत बघावं लागणार या विचारानं मला धडकी भरली. मी दिवसभर त्यांच्या मागावर राहायला लागले. चष्मा कुठे ठेवला म्हणाले की मी आज वार कोणता ते विचारून बघायचे. गॅस बंद केलाय का ते मीच तीनतीनदा बघून यायचे.

शेवटी मी डॉक्टरांचं नाव काढलं. मला वाटलं होतं आकांडतांडव करतील. पण लगेच तयार झाले. एकच अट घातली, एकट्यानं तपासून घ्यायचं म्हटलं की घाम फुटतो, तेव्हा तूही सोबतीला तपासून घे. मी म्हटलं, घेते.

डॉक्टर नाझनीन मुजावर मेंदूविकारांच्या. वयानं आमच्या मुलीएवढ्या, पण बोलणं कसं समजेल असं. त्यांनी सांगितलं की वाचताना आपली नजर ओळीवरून सरकत जाते असं आपल्याला वाटतं, पण तसं नसतं. नजर उड्या मारते. एका शब्दावर सेकंदाच्या पाव भागाएवढी टेकते, पुढच्या दोनतीन शब्दांवरून उडून पुन्हा टेकते, आणि मधूनच मागे जाते. मागे कशासाठी जाते यात सगळी मेख आहे. निरोगी माणूस अवघड शब्दासाठी मागे जातो. ज्याच्या मेंदूत झीज सुरू झालीय तो सोप्या शब्दांसाठीही जातो, आणि सगळ्यात जास्त जातो नावांसाठी. हा कोण, हे नाव मघाशी आलं होतं का, हे शोधत. त्याला स्वतःला याचा पत्ताही नसतो, कारण नजरेच्या उड्या आपल्याला जाणवत नाहीत. मेंदूच्या फोटोत काही दिसायच्या किती तरी वर्षं आधी हे नजरेत दिसतं, असं त्या म्हणाल्या.

आम्ही दोघांनी एकेक करून पडद्यावरचा मजकूर वाचला. डॉक्टरांनी यांचा आलेख बघितला आणि सगळं छान आहे म्हणाल्या. मग माझा बघितला. बराच वेळ बघितला. मग त्या माझ्याशी काही बोलणार, एवढ्यात हे खुर्ची सारून उठले आणि म्हणाले, डॉक्टर, पुढच्या आठवड्यात येतो, तेव्हा बोलू. दोघांची नजरानजर झाली. ती मी पकडली.

मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, यांचा आजार पुढे गेलाय आणि दोघं मिळून तो माझ्यापासून लपवताहेत. रिक्षात मी यांचा हात घट्ट धरून बसले होते. हे बाहेर बघत होते आणि मी मनातल्या मनात ठरवत होते की काहीही झालं तरी यांना कुठल्या संस्थेत ठेवायचं नाही.

त्याच शनिवारी दुपारी वाचनालयात वाचनकट्टा होता. मी एरवी जात नाही, पण यांना एकटं सोडायला मन धजेना. त्या महिन्याचं पुस्तक तीच कादंबरी होती. कट्ट्याची तिथे एक रीत आहे. चर्चा करायची नाही. कादंबरीतल्या माणसांच्या नावांच्या चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या, प्रत्येकानं एक उचलायची, आणि जो माणूस येईल तो होऊन बोलायचं. सुनेची चिठ्ठी आलेले एक निवृत्त फौजदार सून होऊन बोलले आणि सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आणलं. डबा माझ्यासमोर आला. मी चिठ्ठी उचलली, उलगडली. तिच्यावर दिनकर लिहिलं होतं.

मला हसूच आलं. मी चिठ्ठी उंच धरली आणि म्हटलं, यांनी तुम्हा सगळ्यांना फितवलंय वाटतं, छान थट्टा आहे, आता खरी चिठ्ठी द्या. कोणी हसलं नाही. ग्रंथपाल आवटीबाई चष्मा काढून पुसायला लागल्या. मी पुन्हा म्हटलं, दिनकर वगैरे कोणी नाहीये त्यात, मी विकत घेऊन वाचलीय. मग समोर बसलेले औषधदुकानवाले कोठावळे हळूच म्हणाले, “मीही पाटीवरच वाचली, वहिनी. माझ्यात आहे की दिनकर.”

मी यांच्याकडे बघितलं. हे जमिनीकडे बघत होते.

आवटीबाईंनी वाचनालयाची प्रत माझ्या हातात दिली. खाकी वेष्टण, मळलेल्या कडा. मी पहिलं पान उघडलं. पहिलंच वाक्य असं होतं: ‘बाप गेला त्या दिवशी गुऱ्हाळाची चूल विझू द्यायची नाही असं थोरल्या यशवंतानं ठरवलं असलं आणि धाकट्या अण्णाप्पाला ते मुळीच पटलं नसलं, तरी ज्याच्या धाकानं दोघंही गप्प बसून राहिले होते तो मधला दिनकर अजून गावच्या वेशीपाशीही पोचला नव्हता.’

माझ्या पाटीवर ती कादंबरी अशी सुरू होत होती: ‘बाप मेला. दोघे भाऊ ओसरीवर बसले. चूल पेटती ठेवायची का? थोरला हो म्हणाला. धाकटा नाही म्हणाला.’

मी छापील वाक्य पुन्हा वाचलं. शेवटाला पोचले तेव्हा सुरुवात हातातून गेली होती. कोणाला पटलं नव्हतं? कोण पोचला नव्हता? पुन्हा वाचलं. पानावरची अक्षरं स्वच्छ होती, शब्द न् शब्द ओळखीचा होता, आणि सगळा मिळून अर्थ लागत नव्हता. मी पुस्तक मिटलं. मला त्या क्षणी एवढंच कळलं की यांना काही झालेलं नाही.

घरी आल्यावर मी चपला काढायच्या आधी वाचनसाथच्या मदत क्रमांकाला फोन लावला. तिथे माणूस नसतो, एक गोड आवाज असतो. मी विचारलं, माझ्या पुस्तकातला दिनकर कुठे गेला. आवाजानं जराही आढेवेढे घेतले नाहीत. उलट मोठ्या कौतुकानं सांगितलं.

“आपली प्रत खास आपल्यासाठी जुळवलेली आहे. दिनकर या पात्रापाशी आपण वारंवार मागे जात होतात. असे वाचक बहुधा पुस्तक अर्धवट सोडतात. म्हणून आम्ही ते पात्र काढून त्याची कामे इतर दोन भावांना वाटून दिली. वाक्येही लहान केली आहेत.”

म्हणजे तो आधी माझ्याही पुस्तकात होता. मी त्याला भेटले होते, पुन्हा पुन्हा भेटले होते, आणि दर वेळी विचारलं होतं, हा कोण? आणि पाटीनं ते बघून त्याला गुपचूप घराबाहेर काढलं होतं.

मी विचारलं, मला काही आजार आहे का. आवाज म्हणाला, आम्ही वैद्यकीय सल्ला देत नाही. मग म्हणाला, आपल्याला पुस्तक आवडले का? त्या कंपनीला माझ्या डोक्याचं काय होतंय याच्याशी काही घेणंदेणं नव्हतं. मी पुस्तक टाकू नये आणि पुढचं घ्यावं, एवढंच तिला हवं होतं. डॉक्टरांनी शिकून सवरून जे ओळखलं ते तिनं दुकानदारीच्या नादात ओळखलं, आणि ओळखून मला न सांगता माझं जग लहान करून दिलं. सगळी पुस्तकं अशीच आहेत का, असं मी विचारलं. हो म्हणाला. कधीपासून, असं विचारलं, तर म्हणाला की तशी सूचना आपल्या निकटच्या व्यक्तीला वेळोवेळी दिलेली आहे.

निकटची व्यक्ती स्वयंपाकघरात चहा टाकत होती.

मी दारात उभी राहिले. त्यांनी मागे न वळता गॅस बारीक केला. (हे सगळं मी सांगतेय आणि हे लिहून घेताहेत. इथे त्यांना दोन वाक्यं गाळायची होती, मी गाळू दिली नाहीत.) मी त्यांना नको नको ते बोलले. दगाबाज म्हटलं. आणखीही बोलले. चाळीस वर्षं एका ताटात जेवून तुम्ही त्या यंत्राला सामील झालात, म्हटलं. मग त्यांनी सांगितलं.

कंपनीचा निरोप त्यांना दिवाळीनंतर आला होता. तुमच्या घरातल्या वाचकाची प्रत सोपी करत आहोत, हरकत असल्यास कळवा. यांनी ताबडतोब हरकत कळवली. माझी पुस्तकं पुन्हा मूळ होती तशी करायला लावली. तेव्हा मी म्हणे लागोपाठ तीन पुस्तकं अर्धवट फेकली. लेखकांना शिव्या घातल्या, मग वाचणंच सोडलं, मग गच्चीवर जाऊन नुसती बसून राहायला लागले. मला यातलं काहीही आठवत नाही. ते बघवेना म्हणून यांनी हरकत मागे घेतली, आणि मी पुन्हा हसतखेळत वाचायला लागले.

“आणि दवाखान्याचं?” मी विचारलं.

“तुला तपासायला चल म्हटलं असतं तर आली असतीस?” ते म्हणाले. “दिनकरच गाळलाय हे मला त्या दिवशी जेवताना उमगलं, आणि तू माझ्यावर संशय घेतलास तेव्हा मला बरंच वाटलं. म्हटलं, घेऊ दे. त्या निमित्तानं पायरी तरी चढेल.”

मला रडू आलं नाही. भीती एवढी होती की रडायला जागा नव्हती. मी खाली बसले. त्यांनी कप पुढे केला आणि म्हणाले, “चहा घे. गरम आहे. साखर घातलीय.”

आणि ते ऐकून मी कप तसाच हातात धरून राहिले. चहा घे. गरम आहे. साखर घातलीय. हा माणूस असा कधी बोलायचा? हा एक चहा पुढे करताना आगारातल्या कॅन्टीनवाल्याची कथा लावायचा, तिच्यात त्याचा मेहुणा यायचा, मेहुण्याची म्हैस यायची. मी वैतागून म्हणायचे, आवरा आता. किती दिवस झाले मी ‘आवरा’ म्हटलं नव्हतं? फोनवर आमची ऋजुता हुबळीहून अशीच बोलते. आई, जेवलीस का. मी बरी आहे. काम छान चाललंय. मला वाटायचं पोरगी शहाणी झाली, बडबड कमी झाली. पाटीनं पुस्तकाचं जे केलं होतं तेच या दोघांनी घराचं केलं होतं. मायेनं केलं होतं, पण केलं होतं.

मी कप खाली ठेवला. मला विचारायचं नव्हतं, तरी मी विचारलं.

“आपल्या घरातलं कोण गाळलंत?”

त्यांनी गॅस बंद केला, ओटा पुसला, फडकं पिळलं, पुन्हा ओटा पुसला. मग म्हणाले, “निनाद.”

मी थांबले. नावामागून चेहरा येईल म्हणून थांबले. काही आलं नाही. ऋजुताचं पहिलं लग्न मोडलं हे मला लख्ख आठवत होतं. कोर्टाच्या पायऱ्या, तिचा उतरलेला चेहरा, सगळं. त्यानंतर ती एकटीच राहते असं मी धरून चालले होते. हे सांगत होते की गेल्या वर्षी तिचं पुन्हा लग्न झालं. हुबळीलाच झालं, मोजक्या माणसांत. मी हिरवं इरकल नेसले होते, जावयाचे पाय मीच धुतले होते. पण नंतर दर फोनवर मी विचारायचे, हा मागे कोण उभा आहे? कधी तर पहिल्या जावयाच्या नावानं हाक मारायचे. तो बिचारा दर वेळी नव्यानं नाव सांगायचा. एकदा मी म्हणे ऋजुताला दटावलं की परक्या माणसाला घरात का घेतेस. त्या दिवसापासून तो माझ्या फोनच्या वेळी आतल्या खोलीत जाऊन बसतो.

जिवंत माणूस. माझ्या मुलीचा नवरा. माझ्यासाठी दर रविवारी दार लावून आत बसणारा.

मला वाटलं, नको. जे आहे ते राहू दे. पाटीवर दोन भाऊ सुखानं नांदत होते, माझी मुलगी एकटी पण बरी होती, चहात साखर होती. उद्या हे सगळं मी विसरेन आणि पुन्हा नव्यानं घाबरेन, त्यापेक्षा न कळलेलं काय वाईट? आतून कोणीतरी हेच सांगत होतं आणि त्याचं खरंही होतं. पण मग पुढच्या खेपेला कोण गाळलं जाणार? ऋजुता? की हेच, एक दिवस, माझ्यासमोर उभे असताना? कधीतरी यांच्याकडेही मी वारंवार मागे वळून बघायला लागेन, आणि कोणीतरी मायेनं यांनाही काढून टाकील. त्या विचारानं मी अशी काही घाबरले की उठून उभी राहिले आणि म्हटलं, फोन लावा.

ऋजुता पडद्यावर आली. आई, जेवलीस का, म्हणाली. मी म्हटलं, निनादना बोलव. तिनं बापाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मग ती आत गेली. तो आला. किरकोळ अंगाचा, कानशिलापाशी केस पिकलेला. मी हा चेहरा जन्मात बघितला नव्हता. त्यानं हात जोडले आणि सवयीनं सुरुवात केली, “नमस्कार आई. मी निनाद. मी ऋजुताचा नवरा.”

“असं तुकड्यातुकड्यानं नको,” मी म्हटलं. “तुम्ही कोण, कुठले, तुमची गाठ कशी पडली, सगळं सांगा. माझ्यासाठी काही सोपं करू नका. मला नाही समजलं तर मी विचारीन.”

तो गडबडला. मग खुर्ची ओढून बसला आणि बोलायला लागला. त्याच्या मावशीचं धारवाडला घर होतं, त्या घराच्या वरच्या मजल्यावर भाडेकरू म्हणून आलेल्या बाईंची मैत्रीण म्हणजे ऋजुता, आणि ज्या दिवशी मावशीला दवाखान्यात न्यायची वेळ आली त्या दिवशी घरात दुसरं कोणीच नसल्यानं हिनंच गाडी चालवली होती. तो सांगत होता, त्याच्या शेजारी माझी मुलगी ओठ घट्ट मिटून बसली होती, आणि मी एकेक शब्द धरायचा प्रयत्न करत होते. मावशी, धारवाड, वरचा मजला. मग मावशी सुटली. मग धारवाड सुटलं. मी शेजारी चाचपून यांचा हात धरला.

“थांबा,” मी म्हटलं. “तुम्ही ऋजुताचे कोण म्हणालात?”

त्यानं पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, आणि एकही माणूस गाळला नाही.